नाव खाली

आमचे बाबा, तातेराव पेंटर, यांचं जामबागेतल्या अर्ध्या दुकानदारांशी भांडण होतं. अर्ध्यांशीच, कारण बाकीच्यांनी अजून कॉम्प्युटरवर कापलेली स्टिकरची अक्षरं लावली नव्हती. शहाण्णव साल होतं. तीस वर्षं ब्रशनं दुसऱ्यांची नावं लिहून शहर भरून टाकलं, आणि आता कुणी विचारीना. त्याचा राग घरात निघे. मी त्यांची मुलगी रेणुका. मला ते फारसे आवडत नसत, पण त्यांचं एक चित्र आवडायचं.

ते मुसीवरच्या पुराना पुलाचं. दर रविवारी सायकलवर जाऊन, त्या घाण वासात बसून त्यांनी ते जलरंगात केलं होतं. नदीत पाणी कमी अन् गाळच जास्त, पण बाबांनी कमानींपाशी कागद कोरा सोडून पाणी चमकवलं होतं. सही मात्र केली नाही. "अक्षर घुसलं की चित्राची पाटी होते," म्हणायचे.

एका नव्या कंपनीनं ते कॅलेंडरसाठी घेतलं. तीन हजार घरांत पहिल्यांदाच त्यांचं स्वतःचं नाव लागणार होतं. बाबांनी चित्रामागे पेन्सिलीनं लिहिलं, 'तातेराव पेंटर. नाव खाली.' चित्र घेऊन माझा भाऊ हर्षवर्धन प्रेसला गेला.

कॅलेंडर आलं. चित्राखालची पट्टी कोरी.

"प्रेसवाला पूछा, नाम खाली रखना क्या," हर्ष म्हणाला. "मी बोललो, हौ."

दख्खनीत खाली म्हणजे रिकामं. दिवसभर तीच बोली त्याच्या कानात. मागची ओळ त्यानं वाचलीच नव्हती. मराठी वाचायचं त्याच्या जिवावर येई.

बाबांनी कॅलेंडर त्याच्या अंगावर फेकलं. "स्वतःची भाषा वाचता येत नाही तुला?"

मग मीही सोडलं नाही. "मराठी शाळेतून त्याला काढलं कुणी? 'मराठी शिकून माझ्यासारखा पाट्या रंगवणार का?' हे कोण म्हणालं होतं? करावं तसं भरावं, बाबा."

बाबा उठले. ब्लेड घेऊन बाहेर गेले. हर्षला नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी दारावरची पाटी हौसेनं रंगवली होती, वर स्वतःचं नाव, त्याखाली त्याचं. बराच वेळ खरवडण्याचा आवाज येत राहिला. हर्ष दारात गेला तेव्हा खालची ओळ गेली होती.

"वाच आता," बाबा म्हणाले. "नाव खाली."