ओळ संपली की डावा हात

माझ्या आत्याची नक्कल नुसत्या तोंडाने होत नाही, त्याला हातही लागतो. डावा. ओळ संपली की तिचा डावा हात आपोआप वर जातो, हवेतलं काहीतरी उजवीकडे ढकलतो आणि मुकाट्याने परत येतो. नव्या मुलांना वाटतं, बाई माशी हाकलतायत. माशीबिशी काही नसते, टाइपरायटरचा दांडा असतो. पुढच्या ओळीवर जायला तो ढकलावा लागायचा. मशिनं भंगारात जाऊन जमाना झाला, पण तिच्या हाताला ते अजून कोणी कळवलेलं नाही.

लॉन्ड्रीच्या वर तिची खोली आहे. आधी तिथे टायपिंग क्लास होता, आता मुलं कोडिंग शिकतात. टेबलं तीच, त्यांवर मशिनच्या पायांचे खड्डे तसेच, आणि त्या खड्ड्यांत आता पेन्सिली राहतात. खालून इस्त्रीची वाफ जिन्याने वर येते. आत्या कीबोर्ड असा बडवते की मुलंच म्हणतात, "बाई, हळू, त्याला लागतं." कळफलकाशी तिचं जुनं वैर आहे की जुनं प्रेम, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

तर हात. मुलांनी तो उचलला. कोणी शिकवलं नव्हतं, बघून बघून आला. ओळ लिहायची, डावा हात वर, आणि हात वर असताना ती ओळ मोठ्याने वाचायची. "दार बंद असेल तर थांब." हात खाली. आधी आत्या भडकली. "माझी थट्टा करता काय रे?" मग तिच्या लक्षात आलं की जी पोरं हात उचलतात ती कमी चुकतात, कारण तेवढ्या वेळात आपण काय लिहिलं ते त्यांच्याच कानावर पडतं. झालं, थट्टेचा नियम झाला. हात न उचलता पुढची ओळ नाही. खिडकीतून बघणाऱ्याला वाटावं, आत कसला तरी कवायतीचा वर्ग चाललाय.

मुलांना क्लासला आणणारे व्हॅनकाका हे आत्याचे जुने विद्यार्थी. इंजिन बंद असलं तरी ते इंजिनाच्या वरच्या पट्टीत बोलतात. "बाई! मिनिटाला साठ शब्द! आठवतंय ना!" असं ते जिन्यातूनच सुरू करतात. त्यांची मुलगी चिमणी आमच्या क्लासला येते आणि बापाचा सगळा आवाज शिल्लक ठेवून, हळूच बोलते.

एका संध्याकाळी काकांनी खालून हॉर्न वाजवला नाही. ते वर आले आणि त्यांनी मोबाइल पुढे धरला.

"बाई, हे बघा. या एआयला म्हटलं, एक खेळ लिहून दे. मी चहात साखर ढवळतोय तोवर दिलासुद्धा! मग आमची चिमणी इथे हात वर करून करतेय काय?"

आम्ही हसलो. तेही हसले. मग त्यांचा आवाज खाली आला, आणि त्यांचा खालचा आवाज मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता.

"खरं सांगा, बाई. तुम्ही मला म्हणाला होतात, बोटं चालली की पोट चालतं. माझी बोटं चालली हो. ऑफिसातली मशिनं गेली, मी स्टिअरिंग धरलं. तक्रार नाही. पण हिचंही तसंच व्हायचं असेल, तर आत्ताच सांगा. दुसरं काहीतरी शिकवतो."

आत्याकडे सगळ्याला उत्तर असतं. लॉन्ड्रीवाल्याने कॉलर जाळली तर त्यालाही आणि इस्त्रीलाही. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "सुट्टी लागायच्या आत सांगते."

दुसऱ्या दिवशी दारावर कागद होता: नवीन प्रवेश बंद.

"आत्या, क्लास बंद करतेस की काय?"

"एकदा फसवलं तर ती चूक असते," ती चष्मा पुसत म्हणाली. "दुसऱ्यांदा फसवलं तर तो धंदा होतो."



मग चिमणीचा प्रकल्प आला. शाळा सुटल्यावर व्हॅनने कोणाला कुठल्या क्रमाने सोडायचं, ते सांगणारा प्रोग्राम. बाकीची मुलं पहिल्या ओळीवर हात वर करून बसली होती, आणि चिमणी घरून अख्खा तयार घेऊन आली.

"मी नाही केलं, बाई," तिने लगेच कबूल केलं. "एआयने केलं."

तिने तो चालवून दाखवला. नावं घातली, पत्ते घातले, आणि पटापट यादी खाली उतरली. चूक नाही, अडखळणं नाही. आत्याने तो वरून खाली वाचला आणि खुर्चीत बसली. तिचा डावा हात मांडीवर पडून होता, एखाद्या काम संपलेल्या माणसासारखा.

"माझा चष्मा सापडेपर्यंत झालंसुद्धा," ती म्हणाली.

खाली लॉन्ड्रीचं मशिन घरघरत होतं. मग आत्याने विचारलं, "यावर हात कोणी उचललाय?"

"कोणीच नाही."

"मग आपल्यासाठी यातली एकही ओळ संपलेली नाही." तिने माझ्याकडे पाहिलं. "तू वाच. त्या एआयच्या आवाजात."

हा आवाज माझा फार लाडका. "नक्कीच! किती छान प्रश्न विचारलात!" तो माझ्याच धंद्यातला ना. हजार जणांचं ऐकायचं आणि एका गोड गळ्यातून काढायचं. शिवाय नक्कल करणारा कुठे अडत नाही. आमच्या मुख्याध्यापिका जे कधी बोलल्याच नाहीत तेही मी त्यांच्या आवाजात ठोकून देते, आणि पोरं शपथेवर सांगतात की मॅडम तसंच म्हणाल्या.

टेबलावर खोडरबरांची घरं मांडली. शार्पनर झाला व्हॅन. मी ओळ वाचायची, सगळ्यांनी हात वर करून ती पुन्हा म्हणायची, शार्पनर पुढे सरकायचा.

"शाळेपासून निघा." हात वर, हात खाली.

"सर्वांत जवळचं घर आधी घ्या." हात वर, हात खाली. चिमणीचा मात्र वरच राहिला.

"काय गं?"

"सगळ्यात जवळचं घर जुळ्यांचं आहे." जुळ्या म्हणजे व्हॅनमधल्या सगळ्यात लहान, बालवाडीतल्या. "त्यांची आई तेव्हा कामावरून आलेली नसते. बाबा त्यांना आधी सोडतच नाहीत. सगळीकडे फिरवून शेवटी सोडतात. घरावरून जातो आम्ही, तरी थांबत नाहीत."

मी त्याच गोड आवाजात जाहीर केलं, "नक्कीच! दोन्ही मुलींना कुलपासमोर सोडण्यात आलं आहे!"

सगळे खो खो हसले. मग एकेकाचं हसू थांबलं. पायरीवर दोन दप्तरं आणि त्यांच्यामागे दोन पोरी, हे प्रत्येकाला आपापलं दिसलं असावं.

"त्याला हे सांगितलं होतंस?" आत्याने विचारलं.

"त्याने विचारलंच नाही."

"आणि तुला सुचलं होतं?"

"मलाही नव्हतं सुचलं, बाई," चिमणी म्हणाली. हात अजून वरच. "आत्ता म्हणताना सुचलं."

काका न्यायला आले तेव्हा आत्या दारातच उभी होती.

"ऐक. हिचं पोट यावर चालेल का, ते मला माहीत नाही."

काका वरच्या पायरीवर थांबले.

"तुला मी बोटं शिकवली. पत्रात काय आहे ते वाचायचं नाही, नजर कागदावर, डोकं बाजूला, असं शिकवलं. वाचलंस तर ओरडायचे. हिला उलटं शिकवतेय. बोटं त्या यंत्राची असू देत. हात हिने वर करायचा आणि विचारायचं, हे कोणाच्या दारात जाऊन थांबणार आहे? उद्या याला कोणी किंमत देईल की नाही, खरंच माहीत नाही. पण तुझ्याशी खोटं बोलून तिला इथे ठेवणार नाही."

काकांनी कान खाजवला. "मागच्या वेळी फार खात्रीने बोलला होतात, बाई."

"हो."

"तेव्हाच मला शंका यायला हवी होती." आणि मग एकदम इंजिनाच्या पट्टीत, "चिमणे! उद्याची वेळ तीच ना गं? चल, जुळ्या गाडीत बसल्यात, आता त्यांची आई घरी आली असेल!"

ते खाली गेले. आत्याने मला मानेनेच दारावरचा कागद दाखवला, मी तो ओरबाडून काढला. मला सगळ्यांचे आवाज येतात, पण तिचं ते "माहीत नाही" घरी जाऊन कितीदा केलं तरी खोटंच वाटतं. माझ्या तोंडून ते सबबीसारखं येतं.

चिमणी पुन्हा खुर्चीत बसली होती. नवी ओळ टाकत होती: घरी कोणी नसेल तर पुढे चला, शेवटी परत या. खालून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

मी खिडकीतून आत्याच्या आवाजात ओरडले, "साठ शब्दवाल्या, थांब जरा!"

हॉर्न तिथल्या तिथे बंद पडला. आत चिमणीचा हात वर होता, शेजारी आत्याचाही, आणि दोघी ती ओळ मोठ्याने वाचत होत्या.