केळवणाचे जळके पाट

चहा घ्या आधी. बिस्कीटही घ्या. आणि आता मी जे सांगणार आहे ना, ते ऐकून माझ्या तोंडावर हसायचं नाही, एवढं कबूल करा. घरी जाऊन हसा, पोट दुखेपर्यंत हसा. तसंही नागपूरवाल्या सगळ्यांचं हसून झालंय, जबलपुरातले तुम्हीच तेवढे उरलात.

तर मी कोण? जन्मभर फॅक्टरीत विजेच्या मोटरी सांभाळलेला माणूस. पंपाची मोटर, क्रेनची मोटर, लेथची मोटर. नुसत्या आवाजावरून सांगायचो, हिचं बेअरिंग गेलं म्हणून. असा माणूस रिटायर झाल्यावर काय करतो? झाडांना पाणी घालतो, बरोबर? मी सीएनसी मशीन मागवली!

म्हणजे काय, तर टेबलाएवढं यंत्र. आपण कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, यंत्र फिरत्या कटरनं ती लाकडात कोरतं. तो कटर फिरवणारी मोटर म्हणजे स्पिंडल, आणि त्या मोटरीचा वेग कमी-जास्त करणारा डबा म्हणजे व्हीएफडी. पोर्चमधली स्कूटर उन्हात काढली आणि तिच्या जागी हे मांडलं. घरी थ्री-फेज होतंच. आमच्या सौभाग्यवतींनी, सुनंदानं, एवढंच विचारलं, "हे काहून आणलं जी?"

"बघशील," मी म्हटलं. बघितलं तिनं, चांगलंच बघितलं!

त्याच सुमारास आमच्या मृणालचं लग्न ठरलं, नागपूरच्या वानखेड्यांकडे. व्याही मोठे दिलखुलास गृहस्थ. केळवणाचं बोलावणं करायला मी फोन केला आणि बोलता बोलता जीभ सुटली.

"रविवारी या. आणि निखिलराव न् मृणाल ज्या पाटांवर बसतील ना, ते बाजारचे नाहीत बरं का. मी स्वतः कोरणार, मशीनवर!"

"अरे वा!" व्याही खूश. लगेच मागे वळून ओरडले, "ऐकून राहिले का रे? आपले व्याही घरी पाट बनवून राहिले!" मागून अख्ख्या खानदानाचा गलका ऐकू आला.

फोन ठेवला तर सुनंदा समोर उभी. "आता झाले नाही पाट, तर तोंड दाखवायची सोय नाही. पोरगी द्यायची आहे त्या घरी."

"होतील ना! दोघांची नावं कोरतो."

"स्वतःच्याच नावावर बसवता जावयाला?"

मुद्दा बिनतोड होता. मग वेलबुट्टी ठरली.

गोहलपुरातल्या लाकडाच्या टालीवरून, म्हणजे वखारीतून, छान सागवानाच्या फळ्या आणल्या, यंत्राला बांधल्या, बटण दाबलं. स्पिंडल सुंदर गुणगुणलं, कटर लाकडाला टेकला, आणि धूर! भुसा कुठेच नाही, नुसता धूर. फळीवर काळाकुट्ट ओरखडा.

मला काय झालंय ते क्षणात कळलं. अहो, आयुष्य गेलं त्यात! मोटर उलटी फिरत होती. कटरची धार मागे, पाठ पुढे. मग तो कापणार कसा, नुसता घासणार. आणि थ्री-फेज मोटर उलटी फिरली की फॅक्टरीत एकच इलाज: येणाऱ्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल करा. झोपेतही हात तेच करतील. मेन बंद केला, डब्यातली वीज उतरू दिली, आणि लाइनकडून डब्यात येणाऱ्या लाल-पिवळ्या तारा बदलून टाकल्या.

इथंच माझी माती झाली! व्हीएफडी हा फार मनमौजी डबा आहे. बाहेरून आलेली वीज तो आधी आत मोडून टाकतो आणि मोटरीसाठी आपली नवीन बनवतो. तुम्ही तारा कुठल्याही क्रमानं आणून द्या, त्याला सुतराम फरक पडत नाही. बदलायच्या तर डब्यातून मोटरीकडे जाणाऱ्या. हे आज मी तुम्हाला ऐटीत सांगतोय. तेव्हा मात्र हात झटकून म्हणालो, "झालं काम."

चालू केलं. पुन्हा धूर.

आता दिशेचा तर प्रश्नच नव्हता. दिशा मी स्वतः बदलली होती ना! म्हणजे दोष लाकडाचा. गेलो तणतणत गोहलपुरात. "भैया, गीली लकड़ी टिका दी आपने!" टालवाला बिचारा फळीवर टकटक करून दाखवतोय, "अरे दादा, सूखी है, हड्डी जैसी सूखी है!" मी ऐकतोय कशाला? शिसवाची फळी घेऊन आलो. तीही जळली.

मग दोष कटरचा. कटर विकणाऱ्या दुकानदाराला भर गिऱ्हाइकांत 'नकली मालाचा व्यापारी' असं सुनावून आलो. त्यानं मुकाट्यानं नवा दिला. तोही काळा पडला.

सुनंदा दारात नाकाला पदर लावून उभी. "मागं तुम्ही भिंतीला भोक पाडून राहिले होते, तेव्हा ड्रिल उलटं होतं. असाच धूर निघाला होता. हेही उलटंच फिरून राहिलं असेल."

"सुनंदा," मी शांतपणे म्हटलं, म्हणजे मला तेव्हा ते शांतपणे वाटलं, "हे ड्रिल नाही. आणि तारा मी या हातांनी बदलल्या आहेत."

तेवढ्यात फाटकातून शेजारचे तिवारीजी. अंघोळ करून, धुतलेला कुर्ता घालून, हात जोडून. "भाईसाहब, हवन कितनी देर और चलेगा? हम लोग प्रसाद के लिए रुके हैं, नाश्ता भी नहीं किया."

सुनंदानं घाईघाईनं शिरा केला आणि त्यांना वाटी भरून दिली. त्यांनी डोळे मिटून, यंत्राला नमस्कार करून खाल्ला.

रविवार उजाडेपर्यंत मी हट्टानं, धुरात डोळे चोळत, यंत्र मुंगीच्या पावलानं चालवून दोन पाट कोरले. कोरले कसले, भाजले! कोळशासारखी काळी वेल, कडा जळलेल्या. लाज वाटत होती मला. पण बाजारचे पाट आणायलाही मन धजेना.

व्याह्यांचा फोन आला, "नर्मदेवरचा तिलवाऱ्याचा पूल ओलांडला!" गाडी गल्ली चुकू नये म्हणून मी चौकात जाऊन उभा राहिलो. मंडळी आली. पानं वाढली. व्याही पाटांपाशी आले आणि थबकले.

"ओहोहो! काय काम आहे जी! हा काळा रंग लाकडात उतरवला कसा?"

आता खरं सांगायचं की नाही? नाही ना सांगवलं! म्हटलं, "ती आमची खास पद्धत. धग देऊन कोरायची. वेगाचं गणित असतं त्यात."

"जेवण झाल्यावर दाखवायचं हं आम्हाला!"

जेवणं झाल्यावर अख्खी वरात पोर्चमध्ये. मी यंत्राला फळी बांधली, मनात म्हटलं, धूर तर येईलच, आजवर कधी चुकला नाही. बटण दाबलं.

धूर नाही! मोकळा स्वच्छ भुसा उडतोय, आणि खाली लोण्यात कोरल्यासारखी वेल. ज्या क्षणासाठी मी तडफडलो होतो तो क्षण, आणि मला दरदरून घाम फुटला.

"व्याही, धग कुठं गेली?"

"मोटर... अजून गरम झाली नाही."

"अच्छा! थांबतो मग." त्यांनी खुर्ची ओढली. सगळे बसले. मोटर गरम व्हायची वाट बघत! ती मेली आणखीनच सुरेख कोरत सुटली.

शेवटी सुनंदा बडीशेप घेऊन आली. "नाही होणार जी गरम. हे चौकात गेले होते ना, तेव्हा मी चालवून पाहिली. पाहुण्यांसमोर धूर नको म्हटलं. उलटीच फिरून राहिली होती. डब्यावर उलट-सुलटचं बटण आहे, बाण काढलेला. दाबलं मी."

तारा नाहीत, पेचकस नाही, काही नाही. बटण!

मग व्याही जे हसत सुटले, ते खुर्चीसकट मागे कलंडता कलंडता राहिले. मृणाल हसतेय, जावई रुमालात तोंड लपवतोय. माझं नाक राहिलं की गेलं, तेच मला समजेना. पण जाताना व्याह्यांनी ते दोन्ही जळके पाट स्वतः उचलून गाडीत ठेवले. "हे तर मी घरी दिवाणखान्यात ठेवीन," म्हणाले. खरं सांगतो, भरून आलं मला. वाटलं, चला, इज्जत वाचली.

मग लग्न लागलं. मांडवात व्याह्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला आणि एकेका पाहुण्याशी माझी ओळख करून दिली, "हे आमचे व्याही. फॅक्टरीत मोठे मोटर-तज्ज्ञ होते. यांच्या घरी काही चालू करायचं असलं, तर विहीणबाईंना बोलवा!"