पुरुषांचा तंबू
१९८१च्या हिवाळ्यात एका शुक्रवारी दोह्यातल्या चार मराठी कुटुंबांनी वाळवंटात तंबू ठोकून, तेलाच्या शोधात आलेल्या पहिल्या कामगारांसारखा दिवस काढला. रॉकेलचा वास आला की तो दिवस आठवतो. ते कामगार एकटे राहत, म्हणून बायका-मुलांनी लांबच्या तंबूत थांबायचं आणि संध्याकाळपर्यंत कुणी भेटायचं नाही, असा नियम होता. माझ्या बायकोचा व्हिसा त्याच आठवड्यात दुसऱ्यांदा नाकारला गेला होता, तरी त्यांनी स्टोव्ह पेटवायला मला सोबत नेलं. "तुझी काय, रोजचीच प्रॅक्टिस!" एकजण हसला. ऊन उतरल्यावर कुणीतरी "यल्ला, खलास!" असं ओरडलं आणि मुलं आपापल्या वडिलांकडे धावली. एक लहान मुलगी माझ्यापाशी थांबली. "अंकल, गेम ओव्हर. आता आंटीला बोलवा ना." मी "इन्शाल्ला" म्हणालो आणि तंबूचे खुंटे उपटायला लागलो.