ताईच्या पायाचा दोष

माझी थोरली बहीण साठीला टेकल्यावर गाडी शिकायला लागली. हौस कसली डोंबलाची! भाऊजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, रोज व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं आणि मुलगा परगावी. "मीच शिकते," म्हणाली. जन्मभर बालवाडीतली पोरं सांभाळलेली बाई, ती गाडीला काय घाबरणार?

शिकवणीची गाडी झकास चालवायची. घरची मात्र सिग्नलला उभी राहिली की हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि बंद पडायची. मागून हॉर्न, शेजारून भाऊजी. "सोडलास ना पुन्हा क्लच? तुझा पायच जड." मागच्या सीटवर बसून मी दात आवळायचे. बरं, वेग घेतला की तीच गाडी शहाण्यासारखी पळायची. तरी दोष पायालाच. ऐकून ऐकून ताईलाही ते खरं वाटायला लागलं.

"सोमवारची लायसन्सची परीक्षा नको गं," एके दिवशी निघताना ती मला म्हणाली. "माझ्याच्याने नाही व्हायचं. ह्यांच्यासाठी भाड्याची गाडी लावू." तिचा तो आवाज ऐकून मला भडभडून आलं.

त्याच दिवशी दवाखान्यातून परतताना गाडी पुन्हा थरथरायला लागली. ताईने ती कडेला घेतली, गिअर काढला, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरली.

"अगं, कुठे निघालीस?" भाऊजी म्हणाले.

ती फुटपाथवर हाताची घडी घालून उभी राहिली. चालवणाऱ्याची सीट रिकामी आणि गाडी आपली थरथरतेच आहे. शेवटी एक गचका देऊन आपली आपण बंद पडली.

ताई खिडकीशी वाकली. "अहो, आता कोणाचा पाय होता?"

मी मागच्या सीटवर पोटभर हसून घेतलं.

तशीच गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं. "काकू, उभ्या गाडीला अशी थरथर म्हणजे बहुतेक वेळा प्लग गेलेला असतो, नाहीतर हवेच्या वाटेत कचरा, नाहीतर एखादी नळी फाटलेली. वेगात चटकन कळत नाही." प्लग ठीक निघाले. हवेची एक रबरी नळी चिरली होती, म्हणून इंजिन बंद पडत होतं. शिवाय इंजिनाखालचा हादरे झेलणारा रबर फाटलेला, आणि त्या फटीत काहीतरी कोंबलेलं. त्याने ते ओढून काढलं. "हा चपलेचा तुकडा कोणी घातला?"

"मीच," भाऊजी पुटपुटले. "थरथर कमी व्हावी म्हणून. ऑपरेशनच्या आधी."

"म्हणजे ही शिकायच्या आधीपासून गाडी थरथरत होती?" माझा पाराच चढला. "आणि तुम्ही हिच्या पायाला नावं ठेवता?"

"तेव्हा थोडीशीच थरथरायची," ते म्हणाले आणि मान खाली घातली. "चुकलंच माझं."

नवी नळी, नवा रबर बसल्यावर ताई चावी घेऊन गाडीत जाऊन बसली.

पहिल्याच सिग्नलला लाल दिवा लागला. गाडी थांबली. थरथर नाही, आवाज नाही. ताईचा चेहरा पडला. बंद पडली असं समजून तिने चावीकडे हात नेला.

"चालू आहे गं," भाऊजी हळूच म्हणाले. "हात लावू नकोस."

ताईने हात मागे घेतला. तिचे डोळे भरून आले होते, पण नजर सिग्नलवरच होती.

"सोमवारी सकाळी लवकर निघू," ती म्हणाली.