शेवटच्या रांगेपर्यंत

जपानमधल्या यावाताच्या पोलाद कामगारांच्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर, तोमोए मिझोगुचीच्या घरी पियानो चढवला तेव्हा तिची लेक कायोको सहा वर्षांची होती. पियानो भिंतीला लागतो न लागतो तोच तोमोए केकचा डबा घेऊन खालच्या इवामोतोंच्या दारात माफी मागायला हजर. अजून एक सूरही वाजला नव्हता.

"अहो, वाजवू दे की पोरीला," इवामोतोबाई म्हणाल्या. "फक्त आमचे हे रात्रपाळीला असतात ना. भट्टीपुढून येतात आणि दिवसभर झोपतात. तेवढं जरा..."

'तेवढं जरा' तोमोएला पुरलं. तिने पियानोच्या पाठीला दोन गाद्या बांधल्या, खाली जुने गालिचे सारले आणि लेकीला बजावलं, "खाली माणूस झोपलाय. त्याची झोप अपुरी राहिली तर भट्टीपुढे त्याचा तोल जाईल. ध्यानात ठेव."

कायोकोने ते असं ध्यानात ठेवलं की बारा वर्षं ती झोपलेल्याच्या उशाशी बसल्यासारखी वाजवत राहिली. पट्टी किती दाबली की आवाज होतो आणि किती दाबली की नुसता श्वास निघतो, हे तिच्या बोटांना कळू लागलं. वडील चिडवायचे, "आपल्याकडे पियानो आहे म्हणे! मला कुणी सांगितलंच नाही."

टोकियोच्या संगीत विद्यालयात मात्र हेच अंगाशी आलं. तिचे गुरू सेगावा सेन्सेई सगळ्यांदेखत म्हणाले, "मिझोगुची, तुझा सूर तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही. बाकीच्यांनी काय तिकीट काढून तुझे हात बघायचे?"

मग कायोको जोर लावून वाजवू लागली. मनगटं सुजली. दोन स्पर्धांत ती पहिल्याच फेरीत बाद झाली. सुट्टीत घरी आली तेव्हा तिला जेवणाच्या काड्या धरता येईनात, चमच्याने भात खात होती. ते बघून तोमोएने आपली वाटी खाली ठेवली.

"कायो, मीच गं... माझ्या त्या गाद्यांनी..."

"गाद्यांना बोल लावू नकोस, आई. त्यांच्यामुळेच मी ऐकायला शिकले."

परत गेल्यावर तिने जोर लावणं सोडलं. रिकामं सभागृह मिळालं की मैत्रिणीला पार मागच्या दाराशी उभं करायची आणि एकच हळू सूर पुन्हा पुन्हा वाजवायची, ऐकू आल्याचा हात तिथून वर होईपर्यंत. पोटासाठी लग्नसमारंभांत वाजवायची. अशी दहा वर्षं गेली. सेन्सेई आधी म्हणाले, "हट्टी आहेस." मग एकदा दाराशी स्वतः उभे राहिले आणि तो हळू सूर ऐकून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून तेच तिच्यासाठी सभागृहं शोधू लागले.

एकतिसाव्या वर्षी फुकुओकात तिची पहिली स्वतंत्र मैफल ठरली. सतराशे खुर्च्या. तोमोएने वरच्या मजल्यावरची शेवटची रांग मागितली.

"काकू, पुढच्या जागा आहेत की," तिकिटाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली.

"असू देत. मला तिथलीच हवी."

मैफलीत सगळ्यात हळू वाजवायचा भाग आला. तिथून कायोको बोटाएवढी दिसत होती. तिचा हात खाली गेलेला तोमोएने पाहिला. नाही पोचला तर?

सूर आला. मोठा होऊन नाही, तितकाच बारीक, कुणी कानाशी येऊन बोलावं तसा. शेजारच्या गृहस्थाने खोकल्याच्या गोळीचा कागद अर्धा सोडवला होता, त्याचा हात तसाच थांबला. सतराशे माणसं कानात प्राण आणून बसली होती. तोमोएच्या मनात आलं: हिचे डबे मी भरले, हिची नखं मी कापली. पण हे हिला कुणी दिलं? आपल्याच पोरीची तिला भीती वाटली, देवळाच्या गाभाऱ्यासमोर वाटते तशी.

मैफल संपल्यावर ती रंगमंचामागे गेली. फुलं घेतलेल्या गर्दीतून कायोको पुढे आली.

"आई, पोचला?"

तोमोएने दोन्ही हात मांडीशी टेकवले आणि कमरेतून पार खाली वाकली, वडीलधाऱ्यांपुढे वाकतात तशी.

"अगं आई, हे काय! ऊठ ना, लोक बघतायत!"

बघू देत. तोमोए बराच वेळ तशीच वाकून राहिली.