जिन्याची परीक्षा

शिवणकाम करणाऱ्या मावशी दरवर्षी एकट्याच दोन दिवसांचा प्रवास करून लेकीकडे जायच्या. सामानाच्या बाबतीत त्यांचा नियम एकच. भरलेली बॅग घेऊन तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यावरच्या घरापर्यंत एका दमात चढायचं, आणि धाप लागली की बॅगेतली एक वस्तू घरी ठेवायची. या नियमापायी आजवर जाडजूड टॉवेल, जादाच्या चपला आणि सुनेने प्रेमाने कोंबलेले डबे मुकाट घरी राहिले होते. मावशींपुढे कोणाची मात्रा चालत नसे.

यंदा धाप दुसऱ्याच मजल्यावर लागली. मावशींनी शाल काढली आणि पुन्हा चढल्या. तीच गत. मग त्यांनी लाडकी छोटी उशी काढली, जिच्याशिवाय बसमध्ये त्यांची मान अवघडायची. तरीही छाती भात्यासारखी चालली होती.

दारात उभा असलेला मुलगा हळूच म्हणाला, "आई, यंदा राहू दे ना. ताईलाच इकडे बोलावू."

मावशींनी बॅग त्याच्या हातात दिली, खाली गेल्या आणि मोकळ्या हातांनी जिना चढू लागल्या. दुसऱ्या मजल्यावर धाप लागलीच. कठडा धरून त्या जरा वेळ थांबल्या, मग सावकाश वर आल्या.

"उगीच बॅगेला बोल लावत होते मी," त्या म्हणाल्या. "आण ती उशी. शालही आण. मोकळ्या हातांनीही धाप लागायचीच असेल, तर मान तरी कशाला अवघडून घेऊ?"