चिंचोक्याचा झेड

"चोर! माह्या घरात चोर हाये!"

बाबा असे ओरडले की तिकडे जलंब स्टेशनात उभी असलेली गाडी वेळेआधीच सुटली. मी पाहिलं नाही, पण ज्यांनी बाबांचा आवाज ऐकलाय ते शंका घेणार नाहीत. समोर इंग्रजी शब्द जुळवायच्या खेळाचा पट मांडलेला. पटावरच्या 'आय' या एका अक्षराला तीन चिंचोके चिकटून बसले होते आणि बाबांचं बोट त्यांच्यावर रोखलेलं होतं. चिंचोके लावणारे चाचा शांत. दारात आई, पदर तोंडाशी. मी छताकडे पाहत होतो.

आधी चिंचोक्याचं सांगतो. या खेळाच्या पेटीत झेडचा ठोकळा एकच असतो, आणि त्याला गुण भरपूर. आमचा झेड बकरीनं खाल्ला. आम्ही बरेच दिवस तिच्या मागंमागं फिरलो. झेड काही मिळाला नाही, पण त्यानंतर ती 'बें'च्या जागी 'झें' करू लागली, हे मी देवळात शपथेवर सांगायला तयार आहे. तेव्हापासून आमच्या घरी चिंचोका म्हणजे झेड.

चाचा म्हणजे बाबांचे जुने दोस्त. खामगावच्या बाजारात त्यांचं गुंड्या, चेन, अस्तर असल्या शिलाईच्या सामानाचं दुकान. बाबा कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले. दर शुक्रवारी नमाजानंतर चाचा आमच्या घरी येत आणि मग दोघांचं युद्ध. चिंचोका हाती आला की चाचांचे डोळे चमकत. झेडचे शब्द त्यांनी पाढ्यांसारखे पाठ केलेले: झिंक, झोन, क्विझ, क्वार्ट्झ, ब्लेझर. दुकानात गिऱ्हाईकानं चेन मागितली की चेनसोबत दोन शब्द फुकट. गावातल्या निम्म्या शिंप्यांना क्वार्ट्झ म्हणजे काय ते ठाऊक आहे, ते यामुळं.

पण अलीकडे चाचांचं विसरणं वाढलं होतं. मागच्या शुक्रवारी साधी, सोपी अक्षरं हातात घेऊन ते बसून राहिले. चहावर साय धरली. शेवटी ठोकळे खाली ठेवून म्हणाले, "पाटील, अक्षरं दिसतेत, शब्दच येऊन नाही राह्यला. आता एक शुक्रवार येतो. मंग बस."

बाबा काहीच बोलले नाहीत. बाबा बोलले नाहीत म्हणजे आमच्याकडे भूकंपच. पण दारात चपला घालताना चाचा काहीतरी पुटपुटत होते. आईनं ऐकलं, मी ऐकलं, आणि नंतर कळलं की बाबांनीही ऐकलं. "झिरो, झूम, लेझी, क्रेझी..." बाकी सगळं गळून पडलं होतं, झेड तेवढा शाबूत होता.

आठवडाभर बाबांना जेवण गोड लागेना. दूधवाल्याशी भांडले, दूध चांगलं असताना.

आणि आज तो ठरलेला शेवटचा शुक्रवार. पेटीतला खरा चिंचोका माझ्या वाट्याला आला. चाचा हात धुवायला गेले तसा मी तो त्यांच्या ठोकळ्यांत सरकवला आणि बदल्यात त्यांचा एक काढून घेतला. पुण्याचं काम केल्याच्या थाटात बसून राहिलो. पण चाचांनी डाव लावला तर एक नाही, तीन चिंचोके!

"पेटीत झेड एक!" बाबा पुन्हा गरजले. "हे बाकीचे कुठून पैदा झाले?"

"एक माह्या बरणीतला हाये," आई म्हणाली. "चहा ठेवतानी ठेवला मी. ओरडता काऊन? साऱ्या आळीले ऐकू जाते."

"अन् एक मी दिला," मी म्हणालो.

"अन् तिसरा?"

आईनं बाबांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट केलं. खिसा फुगलेला होता. बाबांनी त्यावर हात ठेवला, तेवढ्यात आतला एक जादाचा चिंचोका टपकन पटावर पडला. सगळ्या जिंदगीत कुणाला एक गुण उधार न देणारा माणूस! त्यांचा चेहरा असा झाला की मला त्या बकरीची आठवण झाली.

आपल्याला हे सगळे दयेपोटी जिंकवत होते, हे चाचांना कळलं होतं. आता चाचा उठून जातील आणि परत येणार नाहीत, या भीतीनं आम्ही तिघंही त्यांच्या चपलांकडे पाहू लागलो.

"शब्द तरी खरा हाये का बे?" बाबांनी हळूच विचारलं. एवढा बारीक आवाज त्यांच्याजवळ आहे हे मला तेव्हाच कळलं.

"हाये. झिझ. म्हंजे डुलकी. पाह्य डिक्शनरीत."

मी पाहिलं. झेड, आय, झेड, झेड. डुलकी.

"हाये," मी म्हणालो.

चाचा उठले, टोपी नीट केली. बाबाही उठले. "मंग... येत्या शुक्रवारी..." एवढंच म्हणाले आणि अडकले.

चाचांनी पटावर पडलेला चिंचोका उचलला, दाताखाली धरला आणि तोंड वाकडं केलं.

"कच्चा हाये," ते म्हणाले. "शुक्रवारी भाजून ठेवजा."